दमा, दही आणि ‘प्रोबायोटिक’ : नंदुरबार जिल्ह्यातील एका प्रश्नाच्या निमित्ताने

शहादा तालुक्यातील एका गावी बोलीच्या नमुन्यांचे ध्वनिमुद्रण चालू असताना घडलेल्या एका लहानशा प्रसंगातून प्रस्तुत लेखाचा उगम झाला आहे. ज्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, त्या घरातील आठनऊ वर्षांचा मुलगा मधूनमधून खोकत होता, आणि खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्याच्या छातीतून शिटीसारखा बारीक आवाज ऐकू येत होता. मुलाला दमा आहे काय, असे मी त्याच्या आईला प्रमाण मराठीत विचारले. ती म्हणाली, “नही भाऊ, त्याले दमा नही शे. नुस्ता दम लागस.” पुढे बोलण्याच्या ओघात कळले ते असे : तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी मुलाला ओढावयाचा पंप दिला होता, दोन महिन्यांनी बरे वाटू लागले तेव्हा पंपाची सवय लागेल या भीतीने तो फडताळात ठेवण्यात आला, आणि एका नातलगाच्या सांगण्यावरून आता रोज सकाळी एका पुडीतील भुकटी त्याला पाण्यातून दिली जात होती. पुडीवर ‘प्रोबायोटिक’ हा शब्द छापलेला होता. “दहीनं औषद शे,” अशी तिने तिची ओळख करून दिली.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे काय, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. पण त्या दोन वाक्यांच्या संभाषणात एका मुलाच्या उपचाराची दिशा शब्दांनीच ठरविली होती. ‘दमा’ हा शब्द नाकारला म्हणून पंप फडताळात गेला, आणि ‘प्रोबायोटिक’ हा शब्द स्वीकारला म्हणून पुडी घरात आली. या दोन शब्दांच्या मागे वस्तुस्थिती किती आणि शब्दाचाच प्रभाव किती, हे पाहावे असे वाटले. गेल्या काही वर्षांत आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने वावड्याचा दमा टाळता किंवा आटोक्यात आणता येईल काय, या विषयावर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. परिचय करून देणारा मात्र शब्दांच्या बाजूने येत आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम ‘दमा’ या शब्दाचा विचार करू. हा शब्द मराठीत फार्सीतून आला. ‘दम’ म्हणजे श्वास, आणि श्वासाच्या विकाराला फार्सीतही ‘दमा’च म्हणतात. मराठीने दोन्ही शब्द घेतले आणि त्यांच्यात एक सामाजिक भेद उत्पन्न केला. ‘दम लागणे’ ही अवस्था आहे, ती कोणालाही येते व जाते. ‘दमा’ हा जन्माचा शिक्का आहे, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तो लावून घेण्यास कोणी तयार नसते. शहरांतील बालरोगतज्ज्ञांनी ‘बाळदमा’ असा एक सौम्य शब्द रूढ केला, त्याचे कारण हेच. मोठेपणी जाणारा दमा, असे आश्वासन त्या ‘बाळ’ उपपदात दडलेले आहे.

अहिराणी भाषिकांत हा भेद अधिकच तीव्र असल्याचे मला वारंवार आढळले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा भाषांच्या दृष्टीने मोठा संमिश्र आहे. तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी व गुजरी, नवापुराकडे मावची, सातपुड्यात अक्कलकुवा व धडगाव या भागांत भिली आणि पावरी. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ल बोली आणि खानदेशी यांना एकाच मुखपृष्ठाखाली आणले, ते या शेजारामुळेच. प्रमाण मराठीत छापलेली आरोग्यविषयक प्रश्नावली घेऊन या भागात जाणाऱ्यास ‘दमा आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळणार.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. इंग्रजीत दम्याची मुख्य खूण सांगणारा जो शब्द आहे, त्याला जगातील बहुसंख्य भाषांत नेमका प्रतिशब्द नाही. १९९१ साली मुलांमधील दमा व वावड्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीस प्रारंभ झाला, तेव्हा संशोधकांना हे इतके जाणवले की त्यांनी लेखी प्रश्नावलीच्या जोडीला एक चित्रफीत तयार करविली. धाप लागलेल्या व्यक्तींची पाच दृश्ये मुलांना दाखवावयाची आणि ‘तुला असे कधी झाले आहे का?’ एवढेच विचारावयाचे. त्या पाहणीत महाराष्ट्रातील पुण्याचाही समावेश होता. मराठीत ‘छातीत घरघर’ असा शब्दप्रयोग वैद्यकीय पत्रकांत केला जातो. परंतु ‘घरघर लागणे’ याचा बोलीतील अर्थ प्राण कंठाशी येणे असा आहे, आणि आपल्या लेकराला घरघर लागते असे कोणती आई कबूल करील? ‘शिटीसारखा आवाज’ हा शब्दप्रयोग अधिक बरा.

उलटपक्षी, ‘दम लागतो’ हे वाक्य इतके व्यापक आहे की त्यात अनेक निरनिराळे आजार सामावतात. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ प्रमाणात आहे, आणि त्यातील रक्तक्षयानेही दम लागतो. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रियांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. तो वेगळाच आजार होय. क्षयाने दम लागतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर हंगामात काम करणाऱ्यांना ठसका लागतो आणि छाती आवळते. पण मिरचीतील तिखट द्रव्य तेथील मज्जातंतूंच्या टोकांना थेट डिवचते, त्यासाठी शरीराला मिरचीचे वावडे असावे लागत नाही.

वावड्याच्या दम्याची गोष्ट निराळी आहे. ‘वावडे’ हा आपला जुना शब्द येथे चांगला उपयोगी पडतो. १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातील वैद्याने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला, त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस ‘मला वांग्याचे वावडे आहे’ असे म्हणत आला आहे. वावड्यात निरुपद्रवी पदार्थाला शरीर शत्रू समजते. घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, फुलांचे पराग, बुरशीचे कण हे असे पदार्थ होत. त्यांच्याविरुद्ध शरीर ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. ती विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि तोच पदार्थ पुन्हा श्वासावाटे आत आला की त्या पेशी आपल्यातील दाहक रसायने ओततात. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते, चिकट कफ साचतो. श्वास बाहेर टाकताना अरुंद वाटेतून शीळ उमटते. या साऱ्याचे सूत्रचालन पांढऱ्या पेशींचा एक वर्ग करतो, आणि त्यास आवर घालणाऱ्या नियामक पेशींचा दुसरा एक वर्ग असतो. सूक्ष्मजीवांविषयीची सारी आशा या दुसऱ्या वर्गावर अवलंबून आहे. बालपणी योग्य सूक्ष्मजीवांचा सहवास मिळाला तर या नियामक पेशी नीट घडतात, न मिळाल्यास शरीर उगाच बिथरते, अशी ती कल्पना आहे.

या कल्पनेचा अलीकडचा इतिहास १९८९ पासून सांगण्याची प्रथा आहे. त्या वर्षी डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने दाखविले की, ज्या मुलांना वडील भावंडे अधिक, त्यांना परागज्वर कमी होतो. मोठ्या भावंडांकडून होणारा संसर्गच संरक्षण देत असावा, असा तर्क त्याने केला. पुढे या तर्काला अनेक फाटे फुटले. त्यांतील अत्यंत बोलका पुरावा २०१६ साली अमेरिकेतील आमिश व हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या तुलनेतून मिळाला. दोन्ही समाज मूळचे मध्य युरोपातील, वंशाने जवळचे, आहाराने सारखे. आमिश लोक जुन्या पद्धतीने घोड्यांनी शेती करतात, त्यांचे गोठे घराला लागून असतात; हटराइट लोकांची शेती यंत्रांची असून गुरे घरांपासून दूर असतात. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण ५.२ टक्के, तर हटराइट मुलांत २१.३ टक्के आढळले. आमिश घरांतील धुळीत जीवाणूंच्या आवरणातील एक द्रव्य जवळजवळ सातपट होते, आणि ती धूळ उंदरांच्या नाकात घातली असता त्यांना दम्यापासून संरक्षण मिळाले.

हे वाचून सातपुड्यातील घरांची आठवण होते. तेथे माणसे, गाई, शेळ्या आणि कोंबड्या एकाच छपराखाली नांदतात. मग तेथील मुले आमिश मुलांसारखी सुरक्षित असतील, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच छपराखाली चूल पेटलेली असते, आणि आमिशांच्या घरात तो धूर नाही. शिवाय एक बाब सहज नजरेआड होते. आमिश मुलांना जे मिळाले ते गोठ्याच्या धुळीतून, मुख्यतः श्वासावाटे मिळाले. त्यांनी कोणती पुडी पाण्यातून घेतली नव्हती. गोठ्यापासून पुडीपर्यंतचा प्रवास तर्काचा आहे, आणि त्यातील प्रत्येक पायरी वेगळी सिद्ध करावी लागते.

आतड्याचा फुप्फुसाशी संबंध कसा, याचे उत्तर काही अंशी मिळाले आहे. कॅनडातील मुलांच्या एका दीर्घ पाहणीत २०१५ साली असे आढळले की, पुढे ज्यांना दम्याचा धोका अधिक होता त्या अर्भकांच्या विष्ठेत वयाच्या पहिल्या शंभर दिवसांत जीवाणूंचे चार गण कमी होते : लॅक्नोस्पिरा, व्हेलोनेला, फीकॅलिबॅक्टेरियम आणि रोथिया. हे चार गण जंतुरहित उंदरांत सोडले असता त्यांच्या पिलांच्या श्वासनलिकांचा दाह कमी झाला. आता या चार नावांपैकी एकही नाव दह्यात नाही, आणि आपल्या औषधांच्या दुकानांतील नेहमीच्या पुड्यांवरही ते आढळावयाचे नाही.

येथे ‘प्रोबायोटिक’ या शब्दाकडे वळावे लागते. ‘प्रो’ हे लॅटिन उपपद, ‘बायोस’ हा ग्रीक शब्द. अर्थ, ‘जीवनाच्या बाजूचे’. ‘अँटिबायोटिक’ शब्दाच्या विरोधात तो जुळविला गेला. जर्मनीत १९५० नंतरच्या काही वर्षांत तो प्रथम दिसतो. १९६५ साली लिली व स्टिलवेल यांनी तो वापरला तो एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या व दुसऱ्याची वाढ करणाऱ्या द्रव्यासाठी. आजचा अर्थ त्यास पुढे प्राप्त झाला, आणि २००१ साली जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या ठरविली. पुरेशा प्रमाणात घेतले असता घेणाऱ्याच्या आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, ते प्रोबायोटिक. या व्याख्येत तीन अटी आहेत. जीव जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि लाभ सिद्ध झालेला हवा. तिसरी अट सर्वांत कठीण, पण तीच शब्दाच्या घडणीत गृहीत धरलेली आहे. जे अजून तपासावयाचे तेच नावात आधी छापले गेले.

म्हणूनच या शब्दास मराठी पर्याय घडविताना ‘उपकारक जीवाणू’, ‘हितजीवाणू’ अशा रूपांकडे मी साशंकतेने पाहतो. परका शब्द निदान अर्थाविषयी मौन पाळतो; ‘हित’ हे उपपद मात्र वाचकाच्या कानात निर्णय सांगून टाकते. पारदर्शक संज्ञा ही नेहमीच चांगली संज्ञा असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे अपवाद करावा असे वाटते.

आणखी एक बाब जीवाणूंच्या नामकरणाची. लाभ सांगावयाचा तो जातीच्याही खाली, विशिष्ट वाणाच्या पातळीवर सांगावा लागतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस ‘जीजी’ या वाणावर विपुल प्रयोग झाले आहेत. एका निरोगी अमेरिकन व्यक्तीच्या आतड्यातून तो मिळविण्यात आला, आणि ‘जीजी’ ही शोधक गोरबाक व गोल्डिन यांची आद्याक्षरे होत. २०२० साली लॅक्टोबॅसिलस हा गणच पंचवीस गणांत विभागला गेला आणि या वाणाचे पहिले नाव बदलून लॅक्टिकेसिबॅसिलस झाले. शेतकऱ्याला हे चटकन कळते. ‘ज्वारी’ म्हणून कोणी बियाणे घेत नाही, अमुक वाणाची ज्वारी म्हणून घेतो. तरी पुडीवर केवळ गणाचे नाव असले तरी आपण ती घेतो.

मग दही हे प्रोबायोटिक आहे काय? घरचे विरजण म्हणजे अनेक अनोळखी जीवाणूंचा, आणि बहुधा यीस्टचाही, मेळावा असतो. त्यातील जीव जिवंत असतात हे खरे. पण कोणते, किती, आणि ते दम्यास काय करतात, याचा हिशेब कोणत्याच वाडग्यावर लिहिलेला नसतो. दही चांगले अन्न आहे. दही म्हणजे औषधाची ठरलेली मात्रा नव्हे. खानदेशातील बिबड्यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. ज्वारी दोनतीन दिवस भिजवून आंबविली जाते, वाटली जाते, शिजविली जाते, आणि मग पापडासारखी पसरून उन्हात वाळविली जाते. आंबण्याच्या क्रियेत जीवाणूंचा वाटा मोठा, पण शिजविण्याने त्यांचा शेवट होतो. आंबवलेला पदार्थ आणि प्रोबायोटिक या दोन भिन्न कोटी आहेत, हे बिबड्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. मेलेल्या जीवाणूंचे अवशेषही उपयोगी असू शकतील, यासाठी २०२१ साली ‘पोस्टबायोटिक’ अशी तिसरी संज्ञा व्याख्येसह पुढे आली. नावे पुरेशी झाली आहेत.

‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा गिब्सन व रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. येथे जीव बाहेरून द्यावयाचे नसतात. आतड्यात जे आहेत त्यांना मानवेल असे, आपल्याला न पचणारे अन्न द्यावयाचे असते. कांदा, लसूण, कच्चे केळे, उडीद, तूर यांत असे घटक आहेत, आणि तापीकाठच्या स्वयंपाकघरास ते नवे नाहीत. उडदाला व तुरीला आपण ‘वातूळ’ म्हणतो, त्या शब्दात मोठ्या आतड्यातील किण्वनाचे अचूक निरीक्षण आहे, केवळ तक्रारीच्या सुरात. या किण्वनातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्यूटिरेट ही लघुशृंखल आम्ले निर्माण होतात आणि रक्तावाटे दूरवर जातात. २०१४ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी उंदरांना तंतुयुक्त आहार दिला तेव्हा धुळीतील कीटकांच्या अर्काने होणारा श्वासनलिकेचा दाह कमी झाला. प्रोपिओनेटमुळे अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पेशींचा स्वभावच बदलतो, असे त्यांनी दाखविले. आतड्यातील अन्नाचा फुप्फुसाशी असलेला धागा येथे प्रथम स्पष्टपणे हाती लागला.

उंदरांकडून माणसांकडे येताना चित्र मात्र मलूल होते. २००१ साली फिनलंडमध्ये तूर्कू येथे गरोदर स्त्रियांना, व जन्मानंतर सहा महिने बाळांना अथवा स्तनदा मातांना, उपरोक्त ‘जीजी’ वाण रोज एक हजार कोटी या मात्रेत दिला गेला. दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. या निकालाने मोठी खळबळ उडाली, आणि पुड्यांचा बाजार उभा राहिला तो पुष्कळ अंशी त्या खळबळीवर. पण इसब त्वचेचे. त्याच मुलांची पुढे तपासणी झाली तेव्हा श्वसनाच्या विकारांत तसा लाभ दिसला नाही. २०१३ साली अशा चाचण्यांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. गरोदरपणी किंवा शैशवात प्रोबायोटिक दिल्याने मुलांतील दमा कमी होतो, असा पुरावा त्यात मिळाला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील १८४ जोखमीच्या अर्भकांना सहा महिने हाच वाण देऊनही दोन वर्षांपर्यंत इसबात व पाच वर्षांपर्यंत दम्यात निश्चित फरक आढळला नाही. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१५ साली जोखमीच्या कुटुंबांत इसब टाळण्यासाठी प्रोबायोटिकची सशर्त शिफारस केली, पुरावा अत्यंत कमकुवत असल्याचे नमूद करून. दम्यासाठी ती केली नाही.

दमा आधीच जडलेल्यांच्या बाबतीत स्थिती थोडी वेगळी आहे. २०२२ साली इटलीत चारशेहून अधिक दमेकरी मुलांना दोन वाणांचे मिश्रण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिले असता दम्याचा जोर वाढण्याचे प्रसंग कमी झाले. येथील ‘जोडीला’ हा शब्द अधोरेखित करावयास हवा. प्रीबायोटिकच्या बाजूने २०१९ चा ऑस्ट्रेलियातील प्रयोग उल्लेखनीय आहे. सतरा प्रौढांना सात दिवस रोज बारा ग्रॅम इन्युलिन हे तंतुद्रव्य देण्यात आले. दम्यावरील नियंत्रण सुधारले, थुंकीतील दाहपेशी कमी झाल्या. पण रक्तातील आम्ले वाढल्याचे दिसले नाही, म्हणजे उंदरांत सापडलेला धागा येथे तुटला. आणि इन्युलिनला प्रोबायोटिकची जोड दिली तेव्हा लाभ वाढण्याऐवजी दिसेनासा झाला. सतरा माणसे आणि सात दिवस. यावरून कोणास पथ्य सांगावे इतके ते बळकट नाही, आणि दुर्लक्ष करावे इतके क्षुल्लकही नाही.

सूक्ष्मजीवांचा उपचार मुळातच पोकळ आहे, असा मात्र याचा अर्थ करू नये. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक वाण त्याच्या खाद्यासह दिला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जंतुदोष वा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. नंदुरबारसारख्या, कुपोषण व बालमृत्यूंच्या बातम्यांनी परिचित झालेल्या जिल्ह्याला त्यातून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. ते यश एका वाणाचे, एका वयाचे व एका आजाराचे आहे. ‘प्रोबायोटिक’ हा सामान्यनामाचा शब्द ते यश उचलून दम्याच्या पुडीवर चिकटवितो, ही अडचण आहे. त्यातच आपल्या आतड्यांतील वसाहत पाश्चात्त्यांहून वेगळी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला व मेगास्फीरा या गणांचे आधिक्य दाखविले आहे. बोस्टनमध्ये सापडलेला वाण तूर्कूत उपयोगी पडला म्हणून ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आतड्यात तसाच वागेल, हे गृहीत धरता येत नाही.

आमच्याकडे अशा विषयांत कोणीतरी उठून ‘हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊक होते’ असे सांगतोच. चरकसंहितेतील श्वासाचे विवेचन मी या निमित्ताने पुन्हा वाचले. श्वासाचे पाच प्रकार, त्यांतील तमकश्वास हा आपल्या दम्याच्या सर्वांत जवळचा. ढगाळ हवेत व थंडीत त्याचे वाढणे, बसल्याने रोग्यास बरे वाटणे, हे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते. विकाराचा उगम छातीत न मानता पित्ताच्या स्थानी मानला आहे, हे वाचून आतडे व फुप्फुस यांचा संबंध आठवणे स्वाभाविक आहे. पण तेथेच श्वासाच्या कारणांची यादी आहे, आणि तीत दही आहे, उडीदही आहे. तेव्हा चरकाला आजच्या संशोधनाचा पूर्वज ठरवावयाचा असेल, तर त्याने नेमके उलट सांगितले हेही सोबत घ्यावे लागेल. खानदेशातील आजी खोकणाऱ्या नातवाच्या हातातील दह्याची वाटी काढून घेते ती याच परंपरेने, आणि आता त्याच घरात दह्याच्या नावाने पुडी येते. आपल्या भाषेलाही विरजणाविषयी हा दुटप्पीपणा आहे. विरजणावाचून लोणी नाही, आणि उत्साहावर ‘विरजण पडले’ की सारे फसले.

हा सारा खटाटोप शब्दांचा वाटेल. पण भारतातील दम्याची स्थिती पाहिली म्हणजे त्याचे मोल कळते. देशात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी असल्याचा अंदाज आहे. पुण्यासह अनेक केंद्रांत झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, छातीत शीळ वाजणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांना दमा असल्याचे निदान झालेलेच नव्हते, आणि त्यांच्यापैकी श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड रोज घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. श्वासनलिकेचा दाह शमविणारे, मृत्यू टाळणारे, दीर्घकाळ पारखलेले औषध तेच आहे. त्याचे नाव लोकांच्या तोंडी ‘पंप’, आणि त्याच्यामागे ‘सवय’ हा शब्द लागलेला. सवय दारूची लागते, तंबाखूची लागते. रोज घ्यावे लागणारे औषध आणि सवय यांत भेद करणारा सोपा शब्द आपण लोकांना दिलेला नाही. चष्म्याची सवय लागेल म्हणून कोणी चष्मा फडताळात ठेवीत नाही.

शहादा तालुक्यातील त्या ओट्यावर मी शेवटी प्रश्नाचे शब्द बदलून पाहिले. सोबतच्या विद्यार्थ्याने ते अहिराणीत विचारले : “रातले उठीसन बसनं पडस का त्याले?” आई म्हणाली, “रोजच, भाऊ.” मग ती आत गेली आणि फडताळातून पंप घेऊन आली. टोपण न काढताच तो आमच्यापुढे धरून म्हणाली, “पण हाऊ ते दमाना पंप शे. त्याले कोठे दमा शे?”

दुसऱ्या दिवशी गावातील आशा कार्यकर्ती त्या मायलेकरांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तेथील डॉक्टरांनी पंप पुन्हा सुरू केला, तो पोकळ नळकांड्यातून कसा ओढावयाचा ते आईकडूनच करवून घेतले, आणि पुडी घ्यावयाची असल्यास घ्या, पण पंप सोडून नव्हे, असे सांगितले. आमच्या ध्वनिमुद्रणात त्या दुपारच्या खोकल्याचे आवाज जागोजागी आले आहेत. लिप्यंतर करताना विद्यार्थ्याने ते कंसात ‘अडथळा’ म्हणून नोंदविले होते. मी ती नोंद बदलून ‘खोकला, शिटीसारखा श्वास’ अशी केली आहे.